हवा काढूनही ब्रेकचं पेडल नरमच लागतंय – मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी,

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, दहा वर्षांच्या वरची. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पुढचं एक चाक जाम होऊन राहिलं होतं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर एका गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) खोलून सील किट आणि नवे पॅड टाकून घेतले. चाक मोकळं झालं, पण गाडी घरी आली तेव्हापासून ब्रेक नरम. थांबते, पण पाय अर्ध्याच्या खाली गेल्यावर. उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. पटपट दोनतीनदा दाबला की पेडल वर येतं, कडक होतं. जरा वेळ सोडलं की पुन्हा तेच.

गॅरेजवाल्यांनी ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा परत काढून दिली, फरक पडला नाही. "पॅड नवे आहेत, बसले की ठीक होईल" म्हणाले. पॅड घासून बसले की ब्रेकची पकड सुधारते हे मान्य, पण त्यासाठी पेडल इतकं खाली जायचं कारण मला कळत नाही. म्हणून घरीच हवा काढायला घेतली. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, दुपारी पाना हातात धरवत नाही, त्यामुळे पहाटेच काम. मोठा मुलगा पेडलवर, मी चाकापाशी. जॅक लावून खाली स्टँड ठेवले, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घातला नाही.

कसं केलं ते सविस्तर लिहितो, चुकत असेल तर सांगा. ब्रेक ऑइलची नवी सीलबंद डबी आणली, डॉट ४. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं आहे, पण दोन्ही ग्लायकॉलवाली, चालतात. (डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाहीत.) निप्पलला (चाकापाशी हवा काढायचा छोटा स्क्रू) आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला, रिंग पाना बसवला, वरून पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. मी "दाब" म्हणालो की मुलगा दाबून धरतो, मी निप्पल पाव आटा सैल करतो, पेडल खाली जातं, निप्पल बंद, मगच "सोड". पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) पेडल पार तळाला नेलं तर आतले सील रोज न जाणाऱ्या गंजक्या जागेवरून घासतात आणि फाटू शकतात. टाकी किमान रेषेच्या खाली एकदाही जाऊ दिली नाही. क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने लांबच्या चाकापासून जवळच्याकडे.

मागून आधी चहाच्या रंगाचं ऑइल आलं, मग स्वच्छ. पुढून सुरुवातीला बारीक बुडबुडे आले आणि थांबले. चारही चाकांतून शेवटी नुसतं स्वच्छ ऑइल. तरी पेडल नरम ते नरमच.

बाकी तपासलं ते असं. गळती कुठेच नाही, चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या आहेत, टाकीची पातळी उतरत नाही. पेडल दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकत नाही, जागेवर राहतं. इंजिन बंद ठेवून पेडल पंप करून घट्ट केलं, पाय तसाच ठेवून गाडी चालू केली, पेडल किंचित खाली गेलं. म्हणजे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक असावा. आणि हे सकाळी गार गाडीतही होतं, त्यामुळे ऑइल उकळून वाफ होण्याचा प्रश्न नाही.

पावसाळा लागला की आईबाबांना घेऊन चिखलदऱ्याला जायचं ठरलं आहे. परतवाड्याकडून घाट चढून जायचं, तोच उतरून यायचं. असल्या ब्रेकवर मी त्यांना नेणार नाही. मास्टर सिलिंडर बदलू का? की आणखी हवाच काढत राहू?

प्रतिसाद

दादा, मास्टर सिलिंडरवर लगेच पैसे घालू नका. दाबून धरलेलं पेडल हळूहळू बसत गेलं असतं तर आतले सील गेले म्हटलं असतं. तुमचं बसत नाही. आधी मागचे शू (ड्रमला आतून घासणारे भाग) बघा. गाडी उभी असताना हँडब्रेक ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल लक्षणीय वर लागलं तर मागच्या ड्रममध्ये शू आणि ड्रमचं अंतर वाढलं आहे. पंप केल्यावर पेडल वर येतं ते यानेही होतं. फरक एवढाच की शू सैल असले तर पेडल खाली जाऊन टणक लागतं, हवा असली तर लवचिक लागतं.

धागाकर्ता

धन्यवाद भाऊ. लगेच करून पाहिलं. हँडब्रेक ओढून फरक अगदी थोडा. आणि लागणं लवचिकच आहे, टणक नाही.

प्रतिसाद

मग चाकांपर्यंत ऑइल नेणारे रबरी होज बघा. जुना होज आतून सैल होतो, दाब आला की फुगतो. कोणाला तरी पेडल दाबायला लावा आणि तुम्ही हाताने होज धरून ठेवा, फुगला तर हाताला कळतं. काही जण क्लॅम्पने एकेक होज बंद करून बघतात, जो बंद केल्यावर पेडल कडक होतं त्याच चाकात दोष. पद्धत बरोबर आहे, पण गुळगुळीत जबड्याचा क्लॅम्प हवा. पक्कड किंवा ग्रिप पाना लावून होज चिरडू नका, नाहीतर तोही बदलावा लागेल. दहा वर्षांचे होज असतील तर मी तसेही बदला म्हणेन.

प्रतिसाद

होजच्या आधी एक साधी गोष्ट पाहा राजेहो. कॅलिपर खोलले गेले आणि त्याच दिवसापासून तक्रार सुरू झाली, हे धाग्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुढची चाकं काढा आणि निप्पल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का, खालच्या, ते सांगा. हवा वरच जाते. काही गाड्यांत डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल होऊनही बोल्टला बरोबर बसतं, आणि मग निप्पल खाली येतं. अशा वेळी लिटरभर ऑइल काढलं तरी निप्पलमधून स्वच्छच येणार आणि वरचा हवेचा गोळा आत तसाच राहणार.

धागाकर्ता

चाकं काढली. दोन्ही निप्पल खाली आहेत! होजचा बोल्ट वर आणि निप्पल त्याच्या खाली. स्वच्छ ऑइल येऊनही पेडल का सुधारत नव्हतं ते आता उलगडलं. मनापासून आभार. आता अदलाबदल मीच करतो. काय काय नवं लागेल?

प्रतिसाद

होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात, ते नवे घ्या. जुने एकदा दबले की नीट बसत नाहीत, गळतात. फार महाग नसतात.

पण खोलण्याआधी खात्री करून घ्या. होज लावलेलाच राहू द्या, कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, पिस्टन बाहेर येऊ नये म्हणून पॅडच्या मध्ये डिस्कएवढ्या जाडीचं लाकूड धरा, निप्पल वर येईल असं कॅलिपर फिरवा आणि तसंच हातात धरून हवा काढा. होजला पीळ किंवा ताण देऊ नका. दोन्ही बाजूंना करा. पेडल कडक झालं तर निदान पक्कं.

धागाकर्ता

केलं. डावीकडून फसफसत हवा आली, उजवीकडून त्याहून जास्त. पेडल आता वरच धरतं, पंप करावंच लागत नाही. मुलगा गाडीतून ओरडला, "बाबा, खालीच जात नाहीये!"

वायसर आणले की कॅलिपर आपापल्या बाजूला लावतो आणि पुन्हा चारही चाकांची हवा काढतो. मागचं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं होतं, त्याचं मनावर घ्यावं का?

प्रतिसाद

घ्याच, घाटासाठी तर नक्की. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० डिग्री सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ऑइलची आत वाफ होते, आणि तेव्हा पेडल अचानक तळाला जातं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. डबीत उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पेंट खातं.

आणि काम झालं की आधी उभ्या गाडीत पेडल जोरात दाबून धरा, चारही निप्पल आणि दोन्ही बोल्ट कोरडे आहेत का बघा. मग रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू चालवून पाहा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरवा, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका.