उत्तर ध्रुवाकडच्या बायकांचे फोटो रोलवरच काढावेत का?

रोलवाला
नुनावुत (उत्तर कॅनडा), ग्रीनलंड, यमाल (उत्तर रशिया) इथल्या बायकांचं रोजचं जगणं टिपायला काही फोटोग्राफर आजही मुद्दाम फिल्मचे रोल घेऊन जातात. माझ्या मते बरोबरच करतात. सहा बाय सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात '१२०' नावाच्या एका रुंद रोलवर बाराच फोटो निघतात. त्यामुळे माणूस आधी घरात टेकतो, चहा घेतो, बाई सीलचं कातडं कसं खरवडते ते बघतो आणि मग विचारून बटण दाबतो. डिजिटलवाला तासाभरात पाचशे फोटो काढून मोकळा. शिवाय उणे तीसमध्ये बॅटरी मान टाकते, जुना यांत्रिक कॅमेरा चालत राहतो.

कातरवेळ
रोल महाग म्हणून आदर वाढतो? नाही पटलं. उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांचे बहुतेक जुने फोटो फिल्मवर किंवा काचेच्या प्लेटांवरच काढलेले आहेत. काम संथच होतं की! तरी कॅनडाच्या राजधानीत, ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यातले कितीतरी 'नेटिव्ह टाइप' (म्हणजे 'स्थानिकांचा नमुना') असल्या ओळी खाली लिहून पडून होते. बाईचं नाव नाही, गाव नाही. २००० नंतर नुनावुतची तरुण मुलं तेच फोटो घेऊन आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे गेली, तेव्हा कुठे नावं लागायला लागली. 'प्रोजेक्ट नेमिंग' म्हणतात त्याला.

गिरगावकर
+१. विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईच्या जातीजमातींचे फोटो छापले, त्यातही हाच प्रकार. माणसं स्टुडिओत उभी केली, मागचा देखावा नंतर जोडला, खाली जातीचं नाव.

रोलवाला
अहो, हे खाली ओळ लिहिणाऱ्याचं पाप, फिल्मचं नाही. नावं पुन्हा लागली ती निगेटिव्ह टिकल्या म्हणूनच ना? माझ्या २००६च्या हार्डडिस्कवरचे फोटो आज कुणी उघडून दाखवावेत.

कातरवेळ
टिकल्या, पण ओटावात. ज्यांचे फोटो त्यांना बघायला मिळायला दोन पिढ्या गेल्या.

माळ्यावरची पेटी
दोघंही पीटर पिट्सिओलाकला विसरलात. केप डॉर्सेटचा (आताचं किन्नगाइत) इनुइट माणूस. १९४०च्या दशकात त्याला स्वतःचा कॅमेरा मिळाला आणि बायको अग्गिओकच्या मदतीने तो इग्लूत रोल धुवायचा, टॉर्चवर लाल कापड बांधून! म्हणजे तिथली बाई नुसती फोटोत नव्हती, फोटो कसा उमटतो तेही तिच्या हाताखालून जात होतं. बाहेरून येणारा रोल भरतो, परत जातो, दक्षिणेतल्या लॅबमध्ये धुतो. बाईला तिचा फोटो दिसतो काही महिन्यांनी, तोही कुणी आठवणीने पाठवला तर. डिजिटलमध्ये मागच्या पडद्यावर लगेच दाखवता येतो आणि ती "हा नको, पुसून टाक" म्हणू शकते. संमती ती हीच. आधी चहा प्यायलात म्हणून नंतरच्या नकाराची सोय होत नाही.

रोलवाला
मुद्दा जोरदार आहे, पण पडदा दाखवला की समोरची व्यक्ती पुढच्या फोटोला सावरून बसते. स्वयंपाकघरातली सहजता संपली. त्यापेक्षा छापील फोटो हातात द्या. भिंतीवर राहतो, नातींना दिसतो.

माळ्यावरची पेटी
सावरून बसली तर बसू दे! तिला कसं दिसायचंय ते तिनेच ठरवावं. तुम्हाला सहज हवी आहे, तिला नीटनेटकी दिसायचं असेल.

बर्फाळ_काका
कॅनडात राहतो, म्हणून एक तांत्रिक पिंक. कडाक्याच्या थंडीत फिल्म ठिसूळ होते. झरकन पुढे सरकवली तर फाटते, नाहीतर स्थिर विजेच्या रेघा उमटतात. घरात नेताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून हळूहळू ऊबेला आणावा, नाहीतर आत दव साचतं. बाकी चालू द्या.

कातरवेळ
रोलवाले, एकच विचारते. तुमच्या त्या बारा निगेटिव्ह शेवटी कुणाकडे राहणार?

रोलवाला
फोटोग्राफरकडे, अर्थात. पण चांगले स्कॅन करून गावातल्या शाळेला द्यावेत.

कातरवेळ
म्हणजे गावाला डिजिटलच.