अनुभव धागा : शिक्षकांनी तुमची अडचण ओळखली, तेव्हा काय केलं?

मी नागपुरात मराठी शाळेत शिकवते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आली. फार चांगलं झालं. पण समोरच्या पोराच्या घरी काय चाललंय ते समजून कसं शिकवावं, हे कायदा सांगू शकत नाही. म्हणून तुमचे प्रसंग लिहा. नुसतं 'सर प्रेमळ होते' नको, त्यांनी नेमकं काय केलं ते हवं. नावं टाळा.

माजी विद्यार्थिनी, कळमना
बाबा कळमना बाजारात हमाल होते. मिरचीच्या हंगामात रात्री-बेरात्री गाड्या खाली करायचे. त्यांच्या कपड्यांनी घरभर ठसका लागायचा. मजुरीची चिठ्ठी मीच त्यांना वाचून दाखवते, हे आठवीत गणिताच्या बाईंना कळलं. त्यांनी माझं नाव न घेता तशीच चिठ्ठी फळ्यावर मांडली. इतकी पोती, पोत्यामागं इतकी हमाली, उचल वजा, हातात किती? सगळ्यात आधी उत्तर माझं आलं. रोजचंच होतं ना ते! वह्या-पुस्तकं देणारे पुष्कळ भेटले, त्यांचे उपकार आहेतच. पण मला बिचारी न समजता माझ्या घरचं गणित अख्ख्या वर्गाला सोडवायला लावणाऱ्या बाई एकच. आज मी बँकेत आहे.

महाल भागातला वाचक
मी बोलताना अडखळायचो. सरांनी माझी वाचनाची पाळी कधी गाळली नाही, पण जोडीनं वाचायची पद्धत सगळ्या वर्गालाच लावली. एकही पोट्टा हसला नाही. कुणाच्या तरी सोबतीनं, एका सुरात वाचलं की अडखळणं बरंच कमी होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं. सरांना ते कसं उमगलं असेल?

माजी विद्यार्थी
एप्रिलात आमच्या टिनाच्या घरात दुपारी बसवत नसे. सकाळची शाळा सुटल्यावर बाई वाचनालयातला कूलर सुरू ठेवायच्या आणि आम्ही तिथंच गृहपाठ करायचो. एवढंच.

शिकवणी वर्गातले शिक्षक
कायद्यात पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागं आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक आहे. माझ्यासमोर एका वेळी शंभर पोरं बसतात. कोणाकोणाचं मन ओळखू?

धागाकर्ती
सर, प्रश्न खरा आहे. मी मधल्या सुट्टीत रोज दोघांशी अभ्यास सोडून बोलते आणि वहीत टिपून ठेवते : आजी दवाखान्यात, घर बदललं, बाबांचं काम सुटलं. पुढच्या भेटीत तेच आधी विचारते. त्यासाठी गुण मात्र वाढवत नाही, पोरांनाही ते नको असतं. शंभरांत हे एकट्यानं होणार नाही, दुसरा शिक्षक मागायलाच हवा. चालकांशी बोलून बघा, आणि तुकडीचे दोन भाग झाले तर इथं नक्की कळवा.