एनएमएमएसची तयारी कशी करून घेता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खेड्यातल्या अनुदानित हायस्कूलला गणित शिकवतो, आठवीच्या पोरांना एनएमएमएसला (गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा) बसवतोय पण दोन वर्षं झाली एकही सिलेक्शन नाही, जीवाला लागलंय अगदी. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये म्हणजे चार वर्षांचे ४८,००० होतात, आमच्याकडे बहुतेकांचे आईवडील मजुरीला जातात त्यांच्यासाठी ही रक्कम लहान नाही हो.

सॅटचं, म्हणजे शालेय विषयांच्या पेपरचं, एवढं टेन्शन नाही, विज्ञान-समाजशास्त्र पोरं पाठ करतात आणि गणिताचे २० प्रश्न मी बघतो. अडतं ते मॅटमध्ये, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात. ९० मिनिटांत ९० प्रश्न, आमची पोरं साठ-पासष्टपर्यंत पोचतात आणि घंटा होते. परवा सराव पेपरला एक मुलगी आरशातल्या प्रतिमेच्या एकाच प्रश्नावर पाच मिनिटं अडकली, वहीचं पान उलटं करून खिडकीकडे धरून बघत होती. हीच मुलगी आठवडी बाजारात बापाचा हिशोब तोंडी करते! दुसऱ्याने एक प्रश्न सोडला पण उत्तरपत्रिकेवर तो गोल रिकामा ठेवायचं विसरला, पुढचे सगळे गोल एकेक घर सरकले. निगेटिव्ह मार्किंग नसतं तरी शेवटचे प्रश्न कोरे सोडून येतात ते वेगळंच.

ज्यांच्या शाळेची पोरं लागतात त्या सरांनी-मॅडमनी प्लीज सांगा, मॅटचा सराव रोज किती वेळ घेता, जादा तास सकाळी की शाळा सुटल्यावर, आणि आकृत्यांचे प्रश्न सुरुवातीला कसे शिकवता? मराठी माध्यमाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुणाकडे असतील तर त्याही हव्यात, झेरॉक्सचा खर्च मी करतो.