प्रतिसाद: पाऊस आणि उपासमार

'पाऊस हुकला की उपासमार ठरलेलीच' हे म्हणणं पटत नाही. १९७२ला आपल्या धुळे-जळगावातल्या जुन्या माणसांनी मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्ली, सुकडी (मदतीत मिळणारं कोरडं खाणं) खाल्ली, खडी फोडली. मे १९७३मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. हाल झाले, पण हातात मजुरी होती आणि बाजारापर्यंतचा रस्ता मोकळा होता.

सुदानमध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यातल्या युद्धात नेमका रस्ताच अडवला गेला. शेजारच्या चाड देशातून सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफुरला धान्य नेण्याची, अद्रे या सीमेवरच्या गावातली वाट सैन्याच्या बाजूच्या सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये बंद केली, ती ऑगस्टच्या मध्यावर उघडली. तोवर पावसाळा भरात होता, नाल्यांना पूर, ट्रक चिखलात. दुसरीकडे आरएसएफने दारफुरमधल्या अल फाशर शहराला वेढा घातलेला. शेजारच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत १ ऑगस्टलाच दुष्काळ (फॅमिन; पाऊस नसणं नव्हे, तर उपासमारीची शेवटची पायरी) जाहीर झाला होता.

हे जाहीर करायचे निकष कडक आहेत: २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, दर १०,००० लोकांमागे रोज २ मृत्यू. अक्कलकुवा-धडगावच्या अंगणवाडीत दंडाला गुंडाळतात ना, ती पट्टी तिथेही वापरतात; ११.५ सेंमीखाली लाल, म्हणजे मूल अति तीव्र कुपोषित. पण मोजणाऱ्याला आत सोडलंच नाही तर आकडा कुठून येणार? डिसेंबर २०२४मध्ये सुदान सरकारने हे निकष लावणाऱ्या आयपीसी या आंतरराष्ट्रीय मोजणी-व्यवस्थेतूनच अंग काढून घेतलं. माझ्या मते हे धान्य अडवण्याइतकंच गंभीर आहे.

उपासमार शस्त्र म्हणून वापरण्याचा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८च्या ठराव २४१७मध्ये निषेध केला. म्हणून सुदानच्या शस्त्रसंधीच्या कुठल्याही मसुद्यात आधी हे बघावं: कोणती वाट, किती दिवस, परवाना कोण देणार.