ठासणीच्या बंदुकीत हरणाच्या शिकारीसाठी दारू किती आणि गोळी कोणती?

रानवाट:
नमस्कार. परवाना काढून ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या) बंदुकीच्या हंगामात व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या शिकारीला जाण्याचे माझे हे पहिलेच वर्ष आहे. बंदूक ५० कॅलिबरची, बाजूला घोडा असलेली आणि केपवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर) उडणारी आहे. नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) ४८ इंचांत एक फेरा घेतात. रान दाट असल्यामुळे ७५ यार्डांपलीकडे नेम धरण्याची वेळ येणार नाही. एक अनुभवी स्नेही १०० ग्रेन (सुमारे साडेसहा ग्रॅम) दारू भरण्यास सांगतात, तर दुसरे ७० ग्रेन पुरेसे आहेत असे म्हणतात. चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी घ्यावी की लांबट, हेही मला ठरवता आलेले नाही. जनावर जखमी होऊन निसटू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

शिसे_आणि_चिंधी:
आधी आट्यांचा पीळ पाहावा, कारण गोळीची निवड बरीचशी तोच करून ठेवतो. ६० ते ६६ इंचांत एक फेरा असेल तर ती नळी गोल गोळीची, २८ इंचांत एक असेल तर लांबट गोळीची किंवा प्लास्टिकच्या वेष्टनातील सॅबोची. तुमचा ४८ हा मधला पीळ आहे. त्यात दोन्ही चालतात, पण गोल गोळी बहुधा दारूच्या मध्यम मापावर नेमकी लागते.

माझा सल्ला असा, की ०.४९० इंच व्यासाची शुद्ध, मऊ शिशाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी घेऊन टू-एफ (मध्यम) दाण्याच्या काळ्या दारूच्या ६० ग्रेनपासून आरंभ करावा, प्रत्येक मापाच्या तीन-तीन गोळ्या ५० यार्डांवर झाडाव्यात आणि माप पाच-पाच ग्रेनने वाढवत न्यावे. जिथे गोळ्या सर्वांत जवळ पडतील तिथे थांबावे. उत्पादकाने पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नये.

१०० ग्रेनचा आग्रह मला पटत नाही. ही गोळी सुमारे १७७ ग्रेन वजनाची असते आणि गोल आकारामुळे हवेत तिचा वेग झपाट्याने उतरतो. नळीतून सुमारे १,८०० फूट प्रति सेकंद वेगाने निघालेली गोळी १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत १,१०० च्या आसपास येते. दारू वाढवून तोंडाशी मिळवलेला जादा वेग तिथवर अर्ध्यानेही उरत नाही. खांद्याला बसणारा धक्का मात्र पूर्ण मिळतो. तुमच्या अंतरावर पुढच्या खांद्याच्या लगेच मागे, हृदय आणि फुप्फुसांच्या जागी लागलेली गोळी हरणाला पुरेशी आहे.

झाडलेल्या चिंध्या वेचून पाहण्याची सवय लावावी. काठ झिजलेला पण मधोमध अखंड राहिलेला तुकडा म्हणजे सर्व ठीक; जळलेली किंवा फाटलेली चिंधी म्हणजे दारू जास्त, वंगण कमी किंवा कापड कच्चे. वंगण मेण-चरबीचे असावे, कारण खनिज तेलाने काळ्या दारूची काजळी डांबरासारखी चिकट होते.

डोंगरपायवाट:
वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण लांबट गोळीची बाजूही मांडतो. ३५० ग्रेनच्या आसपासची शिशाची लांबट गोळी त्याच नळीतून कमी वेगाने निघते, तरी वजनामुळे आरपार जाण्याची शक्यता अधिक असते आणि दाट रानात रक्ताचा माग सापडणे फार मोलाचे ठरते. तिचा दोष असा, की चिंधीची पकड नसल्याने नळीचे तोंड खाली करून चालताना ती दारूवरून पुढे सरकू शकते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. म्हणून गजावर (गोळी ठासण्याच्या काठीवर) भरलेल्या आणि रिकाम्या नळीच्या खुणा करून ठेवाव्यात व दिवसातून अनेकदा गज घालून पाहावे.

सॅबो निवडण्यापूर्वी राज्याचे नियम वाचावेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या हंगामात सॅबो, दाबून वड्या केलेली दारू आणि दुर्बीण या तिन्हींना मनाई आहे.

मापाडी:
दारूचे नाव न सांगता केवळ ग्रेन सांगणे घातक आहे. काळ्या दारूच्या पर्यायांचे माप आकारमानाने घेतात, वजनाने नव्हे. पायरोडेक्स हलकी असल्याने ती तराजूवर काळ्या दारूइतकी तोलली तर बार जादा होतो. ट्रिपल सेव्हन हा दुसरा पर्याय अधिक जोरकस असल्याने तिचे माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरावे. दारू थेट डब्यातून नळीत कधीही ओतू नये, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत शिल्लक असू शकते. प्रत्येक वेळी वेगळ्या मापात काढूनच घालावी. काडतुसातील धूररहित दारू या बंदुकीत एक चिमूटही घालू नये.

रानवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोल गोळीने ६० ते ८५ ग्रेनपर्यंत चाचणी घेतली. ७० ग्रेनवर तीन गोळ्या दोन इंचांत आल्या; ८५ वर त्या पांगल्या आणि चिंध्याही फाटलेल्या निघाल्या, त्यामुळे ७० निश्चित केले. एक अडचण उरली आहे: स्वच्छ नळीतून सुटणारी दिवसातील पहिली गोळी बाकीच्यांपासून अडीच-तीन इंच दूर पडते.

शिसे_आणि_चिंधी:
नळीत राहिलेले तेल हे त्याचे बहुधा कारण असावे. भरण्यापूर्वी कोरडी चिंधी फिरवून तेल पुसावे, मग सुरक्षित दिशेला दोन केपा रिकाम्या उडवून कानाची (केप बसते त्या नळकांडीची) वाट मोकळी करावी. चाचणीत प्रत्येक बारानंतर किंचित ओली आणि मग कोरडी चिंधी फिरवलीत, तर प्रत्येक गोळी जवळपास सारख्याच नळीतून जाईल. रानात हरणावर जाते ती पहिलीच गोळी असते, म्हणून माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) त्या पहिल्या गोळीला जुळवावी. त्यासाठी तीन-चार वेगवेगळ्या दिवशी एकाच लक्ष्याच्या कागदावर एकेकच बार उडवून तो कागद जपून ठेवावा.