टॉमकॅट गप्प होतो तेव्हा: रीस्टार्टआधी थ्रेड डंप घ्या

प्रोसेस चालू, सीपीयू शांत, लॉगमध्ये एकही एरर नाही, तरी टॉमकॅट (जावा वेब अॅप चालवणारा सर्व्हर) उत्तर देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर मेमरी वाढवायचा सल्ला आलाय, तो मला पटत नाही. मेमरी संपत आली असती तर गार्बेज कलेक्टरने (जावातला नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) सीपीयूला बहुधा दम खाऊ दिला नसता.

कृपा करून पुढच्या वेळी लगेच रीस्टार्ट करू नका, सगळा पुरावा पुसला जातो. आधी जेस्टॅक या जावाच्या टूलने दहा-दहा सेकंदांनी तीन थ्रेड डंप घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी. जेस्टॅक नसेल तर टॉमकॅटच्या प्रोसेसला किल -३ ही कमांड द्या. त्याने प्रोसेस मरत नाही, डंप टॉमकॅटच्या कॅटालिना डॉट आउट या लॉग फाइलमध्ये पडतो.

आमच्याकडे हेच झालं होतं. जावा ८, टॉमकॅटचे डीफॉल्ट २०० थ्रेड. तिन्ही डंपांत सगळेच्या सगळे 'एक्झेक' थ्रेड (येणाऱ्या विनंत्या हाताळणारे) एकाच ओळीवर: सॉकेटरीड०, म्हणजे नेटवर्कवरून उत्तर यायची वाट बघत. स्थिती 'रनेबल' दिसते, त्याने फसू नका. नेटिव्ह कोडमध्ये (जावाबाहेरच्या, सिस्टिमच्या कोडमध्ये) वाट बघणारा थ्रेडही तसाच दिसतो. थोडं खाली उतरल्यावर आमचाच क्लास सापडला, जावाच्या एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनने बाहेरच्या सेवेला कॉल करणारा. त्याचा रीड टाइमआउट सांगितला नाही तर शून्य असतो, म्हणजे कितीही वेळ थांबायची तयारी. समोरची सेवा अडकली की एकेक थ्रेड तिथे जाऊन बसतो. कनेक्टला ५ आणि रीडला १५ सेकंद लावले, त्रास थांबला.

तुमच्या डंपात 'गेट-कनेक्शन' दिसलं तर डेटाबेस पूल (पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा) बघा. डीबीसीपी २ या पूल लायब्ररीमध्ये डीफॉल्ट ८च कनेक्शन असतात आणि वाट पाहण्याला मर्यादा नसते. एखादं बंद करायचं राहत असेल तर हळूहळू हेच चित्र होतं. एक डंप इथे टाका, मी वाचून सांगतो.