मदत हवी आहे: भाड्याच्या जागा सांभाळणाऱ्या एजन्सीच्या बिलावरचा जीएसटी परत मिळतो का?

नाशिककर लेक:
नमस्कार मंडळी. पुण्यात आईच्या नावावर दोन जागा आहेत. कोथरूडचा टू बीएचके एका कुटुंबाला ३२ हजारांनी दिलाय आणि बाणेरचं छोटं ऑफिस एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे ८५ हजारांवर आहे. बाबा होते तोवर भाडेकरू शोधण्यापासून गळक्या नळापर्यंत सगळं तेच बघायचे. आता आई माझ्याकडे नाशिकला असते. लिव्ह अँड लायसन्स, पोलीस व्हेरिफिकेशन, दर वेळी पुण्याला कोण धावणार? म्हणून एका एजन्सीला काम दिलं. ते भाड्याच्या ८ टक्के घेतात, म्हणजे महिन्याला ९,३६०, आणि वर १८ टक्के जीएसटी १,६८४ रुपये ८० पैसे. वर्षाला २० हजारांच्या वर नुसता टॅक्स!

त्यांचा माणूस म्हणतो, "आईंचा जीएसटी नंबर काढा, सगळा परत मिळेल." कोथरूडला नुकताच रंग काढला, त्या ७० हजारांवरचे १२,६०० सुद्धा मिळतील म्हणे. आईला पेन्शन आणि हे भाडं सोडून दुसरं उत्पन्न नाही. काढावा का नंबर? आणि परत मिळतो म्हणजे बँकेत जमा होतो का?

खर्डेघाशा:
शेवटून सुरुवात करतो. बँकेत काही येत नाही, ताई. एजन्सीवाला 'परत मिळेल' म्हणतो ते क्रेडिट, म्हणजे वजावट. तुम्ही भाडेकरूकडून जीएसटी घ्यायचा आणि सरकारला भरताना खर्चावर दिलेला त्यातून वजा करायचा. घेतलाच नाही तर वजा कशातून करणार?

म्हणून कोथरूड विसरा. राहायला दिलेल्या घराच्या अशा भाड्याला जीएसटी माफ आहे, आणि माफीतल्या उत्पन्नासाठी केलेल्या खर्चाचं क्रेडिट मिळत नाही. रंगाचे १२,६०० गेले. कमिशनपैकी २,५६० या फ्लॅटचे, त्यावरचे ४६० रुपये ८० पैसेही दर महिन्याला गेले. नंबर काढलात तरी.

बाणेरचं वेगळं. दोन्ही भाडी मिळून वर्षाला १४ लाख ४ हजार (मर्यादेसाठी माफीतलं भाडंही मोजतात), म्हणजे २० लाखांच्या आत. नंबर सक्तीचा नाही. मालकाची नोंदणी नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून ऑफिसच्या भाड्यावरचा १८ टक्के नोंदणीकृत भाडेकरूच सरकारला भरतो. यालाच आरसीएम म्हणतात. तुमची कंपनी महिन्याला १५,३०० भरत असणार. आईंनी नंबर काढला तर तेच १५,३०० त्यांनी बिलात लावायचे. कंपनीला एरवीही क्रेडिट मिळतं, त्यामुळे तिला फरक पडू नये. आईंना बाणेरपुरत्या ६,८०० कमिशनवरचे १,२२४ वजा करता येतील. वर्षाचे १४,६८८. "सगळा" म्हणतात तो एवढाच.

बाणेरचा गाळेवाला:
मी हौसेने नंबर काढलेला माणूस आहे. सीए वर्षाला १५ हजार घेतो. एकदा रिटर्न राहिलं, त्याची लेट फी वेगळी. पहिल्या वर्षी एजन्सीने बिलावर माझा नंबरच चुकवला, त्यामुळे बिल २बी मध्ये (आपल्या नंबरावर आलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) दिसेना आणि क्रेडिट अडकलं. फोन करून करून जीव गेला. काढलातच तर दोन जागांची बिलं वेगळी मागा, एकत्र बिलाचं क्रेडिट भाड्याच्या प्रमाणात वाटत बसावं लागतं.

एक विचारतो, ऑफिसचा मेंटेनन्स कोण भरतं? माझ्याकडे तो मीच भरतो आणि त्यावरही १८ टक्के लागतो, म्हणून मला परवडतं.

नाशिककर लेक:
मेंटेनन्स कंपनी परस्पर भरते. आणि आत्ताच बिलं काढून पाहिली तर सगळी माझ्या नावावर! काम देताना मोबाईल नंबर माझा दिला होता, म्हणून बहुधा.

खर्डेघाशा:
मग झालंच. नोंदणी आईंची आणि बिलं तुमची, हे जुळायचं नाही. शिवाय अशा सेवांची नोंदणीआधीची बिलं क्रेडिटला चालत नाहीत. १४,६८८ साठी १५ हजारांचा सीए कशाला?

जाता जाता, इन्कम टॅक्समध्येही एजन्सीचं बिल वेगळं दाखवता येत नाही. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट, खर्च कितीही झालेला असो. कोथरूडला स्वतः राहत नाही म्हणून महापालिकेची ४० टक्के सवलत नाही, तेव्हा निदान पावत्या तरी जपा.

नाशिककर लेक:
दोघांचेही आभार. नंबरचा विषय बंद. काल एजन्सीवाल्याला फोन करून म्हटलं, ६ टक्क्यांवर या, नाहीतर दुसरा बघते. खूप कुरकुर करून ७ वर आला. टॅक्ससकट महिन्याला १,३८० वाचले, वर्षाचे साडेसोळा हजार. बिलंही आता आईच्या नावाने आणि जागेगणिक वेगळी येतील.